जुना पत्ता टाकला तरी नवीन पान उघडतं, ते कसं?

२०२५ ची दिवाळी. फराळाचं ताट समोर असताना मावशीचा फोन आला. "अरे, बँकेची साइट उघडली तर वर नाव भलतंच दिसतंय. मी तर नेहमीचाच पत्ता टाकला होता. आता पासवर्ड टाकू की नको?"

तिचा प्रश्न रास्त होता. 'वरचा पत्ता बघितल्याशिवाय पासवर्ड टाकायचा नाही' हे मीच तिला दहा वेळा बजावलं होतं. आणि आता टाकलेला पत्ता एक आणि दिसणारा दुसरा.

झालं होतं ते असं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये घोषणा केली आणि एप्रिलमध्ये परिपत्रक काढलं: बँकांनी आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर हलवायची, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. बड्या व्यापारी बँकांपासून नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांपर्यंत सगळ्यांना हे लागू. असा पत्ता फक्त बँकांना मिळतो, आणि तोही हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच, म्हणजे कुणाही ऐऱ्यागैऱ्याला तो घेता येत नाही. मावशीच्या बँकेने नवा पत्ता घेतला होता आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्याकडे वळवायची सोय केली होती. या वळवण्याला 'रीडायरेक्ट' म्हणतात.

फोनवर तिला एवढंच सांगून भागलं. पण हा प्रश्न बँकांपुरता नाही. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ मध्ये अहिल्यानगर अशी जिल्ह्यांची नावं बदलली. ज्या संस्थेच्या वेबपत्त्यात शहराचं जुनं नाव आहे, तिच्यापुढे हाच प्रश्न येतो. शाळा, वाचनालय, पतसंस्था, नाट्यसंस्था, कुणीही साइट नवी करायला घेतली की जुन्या पत्त्यांचं काय करायचं हे ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते कुणीच ठरवत नाही, आणि वर्षानुवर्षांचं लेखन एका रात्रीत सापडेनासं होतं. मी गेली काही वर्षं अशा लहान संस्थांच्या साइट सांभाळतो, म्हणून हे पोटतिडकीने लिहितोय.

दुकानाचं नाव आणि मालाची चिठ्ठी

वेबपत्त्याचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा भाग म्हणजे दुकानाचं नाव. त्यावरून आपला ब्राउझर योग्य सर्व्हरपर्यंत, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे त्या संगणकापर्यंत पोचतो. रेघेनंतरचा भाग म्हणजे दुकानदाराच्या हातात दिलेली चिठ्ठी: अमुक पान द्या.

वेबच्या सुरुवातीच्या काळात ही चिठ्ठी म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरचा रस्ताच असायचा. 'लेख' फोल्डरमध्ये 'मार्च' फोल्डर, त्यात 'पाऊस.एचटीएमएल' ही फाइल. फाइल हलवली की पत्ता बदलला. पुढे साइट डेटाबेसवर चालायला लागल्या आणि पत्ते 'इंडेक्स.पीएचपी?विभाग=३&लेख=४७' असे दिसायला लागले (पीएचपी ही अशा साइटचे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा). हा पत्ता फोनवर कुणाला सांगून बघा.

आपण किराणा दुकानात गेलो की "अर्धा किलो साबुदाणा द्या" एवढंच म्हणतो. "मागच्या खोलीतली तिसरी फळी, डावीकडून दुसरी गोण, त्यातला माल" असं म्हणत नाही. गोण कुठे ठेवली आहे हे दुकानदाराने बघायचं. उद्या त्याने ती माळ्यावर टाकली तरी आपली मागणी तीच राहते. प्रश्नचिन्हांनी भरलेले पत्ते मात्र ग्राहकालाच गोदामाचा नकाशा पाठ करायला लावतात.

आतून आणून देणं आणि पाटी लावणं

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत फार होते.

पहिली म्हणजे 'रीराइट'. ग्राहक गल्ल्यापाशी उभा आहे, त्याने साबुदाणा मागितला, पोरगा मागच्या खोलीत गेला आणि घेऊन आला. ग्राहकाला आतलं काही कळलं नाही, कळायची गरजही नाही. तसंच, आपण 'लेख/४७' मागतो, सर्व्हर मनातल्या मनात ते 'लेख.पीएचपी?क्रमांक=४७' असं वाचतो आणि पान देतो. ब्राउझरमधला पत्ता 'लेख/४७' असाच राहतो. मराठी विकिपीडिया तुम्ही रोज बघत असाल. तिथे 'विकी' हा शब्द, तिरपी रेघ आणि लेखाचं नाव एवढाच पत्ता दिसतो. आत मात्र प्रत्येक मागणी इंडेक्स.पीएचपी नावाच्या एकाच फाइलकडे जाते आणि लेखाचं नाव तिला सोबत दिलं जातं. एक दार, आत लाखो वाटा.

दुसरी म्हणजे रीडायरेक्ट. दुकान हललंय, जुन्या शटरवर पाटी आहे: 'आमचे दुकान शेजारच्या गल्लीत गेले आहे.' इथे ग्राहकाला स्वतः चालत जावं लागतं. सर्व्हर ब्राउझरला पान देतच नाही. 'ते आता तिकडे आहे' एवढं उत्तर आणि नवा पत्ता देतो. ब्राउझर मुकाट्याने नव्या पत्त्यावर दुसरी मागणी करतो आणि वरच्या पट्टीतला पत्ता बदलतो. मावशीने पाहिलं ते हेच.

हे डोळ्यांनी बघता येतं. संगणकावर ब्राउझर उघडून एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' विभागात जा आणि एखाद्या साइटचा जुना पत्ता टाका. पहिल्या ओळीत बहुतेक वेळा ३०१ दिसेल, तिच्याखाली दुसरी ओळ, तिथे २००. पहिली पाटी, दुसरा माल.

'कायमचं' आणि 'तात्पुरतं' यांतला फरक

हे आकडे म्हणजे सर्व्हरच्या उत्तराचे ठरलेले क्रमांक. २०० म्हणजे पान मिळालं. ४०४ म्हणजे असं पान नाही, हा तर सगळ्यांच्या ओळखीचा. तीनने सुरू होणारे आकडे म्हणजे 'दुसरीकडे जा'. त्यांतले दोन महत्त्वाचे: ३०१, कायमचं हललंय, ३०२, तात्पुरतं हललंय.

मावशीच्या उपयोगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, ती नव्या पानावर पोचतेच. फरक पडतो तो लक्षात ठेवणाऱ्यांना. ३०१ दिसलं की गुगल आपल्या वहीत जुना पत्ता खोडून नवा लिहितो, आणि जुन्या पानाने कमावलेली पत नव्या पानाला जोडतो. ३०२ दिसलं तर तो सहसा जुनाच पत्ता धरून ठेवतो, कारण 'नूतनीकरणामुळे दुकान आठवडाभर समोरच्या हॉलमध्ये' अशी ती पाटी असते.

ब्राउझरही ३०१ लक्षात ठेवतो, आणि चिवटपणे ठेवतो. पुढच्या वेळी तो जुन्या दुकानापर्यंत जातच नाही, थेट नव्या पत्त्यावर जातो. नियम चुकला असेल आणि तुम्ही तो नंतर दुरुस्त केला, तरी ज्यांनी मधल्या वेळात भेट दिली त्यांच्या ब्राउझरमध्ये चूक तशीच राहू शकते, आणि त्यांच्या घरी जाऊन ती पुसता येत नाही. म्हणून माझी पद्धत अशी: आधी ३०२ लावायचं, दोन-चार दिवस सगळं तपासायचं, मग ३०१ करायचं.

फॉर्म भरून पाठवण्याच्या पानांसाठी ३०७ आणि ३०८ असे जास्त काटेकोर भाऊबंद आहेत. साध्या ३०१ मध्ये भरलेला मजकूर वाटेत गळू शकतो, यांत तो टिकतो. आणि एखादं पान खरोखरच कायमचं काढून टाकलं असेल, तर ४१० हा प्रामाणिक आकडा आहे: होतं, आता नाही.

हे नियम लिहायचे कुठे?

सर्व्हर म्हटलं की त्यावर चालणारा वेबसर्व्हर नावाचा प्रोग्रॅम आला. भारतातल्या लहान-मोठ्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या जागेवर, प्रामुख्याने दोन दिसतात: अपाची, जो १९९५ पासून आहे, आणि एन्जिन-एक्स, जो रशियाच्या इगोर सिसोयेव्ह यांनी २००४ मध्ये खुला केला. अपाचीतला पत्ते बदलणारा भाग, 'मॉड रीराइट', राल्फ एंगेलशाल या जर्मन तरुणाने १९९६ मध्ये स्वतःच्या गरजेपोटी लिहिला आणि पुढच्या वर्षी अपाचीला देऊन टाकला. आज वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या असंख्य मराठी साइट त्याच्याच जोरावर सुटसुटीत पत्ते दाखवतात.

अपाचीत हे नियम दोन जागी लिहिता येतात. एक, मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरने कसं वागायचं ते लिहिलेल्या फाइलीत, जी सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचली जाते. दोन, साइटच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या 'डॉट एचटीॲक्सेस' नावाच्या छोट्या फाइलमध्ये. नावाच्या आधी टिंब असल्यामुळे ती बऱ्याच ठिकाणी लपलेली असते, आणि 'फाइल दिसतच नाही' म्हणून लोक हैराण होतात. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग असेल तर मुख्य कॉन्फिगला हात लावता येत नाही, मग हीच फाइल आपली. तिचा तोटा असा की प्रत्येक मागणीच्या वेळी सर्व्हर ती नव्याने शोधतो आणि वाचतो. मोठ्या साइटवर हा भार जाणवतो. मुख्य कॉन्फिग हाताशी असेल तर नियम तिथेच लिहावेत, असं अपाचीचं स्वतःचं मार्गदर्शनही सांगतं.

एन्जिन-एक्समध्ये अशी फोल्डरमधली फाइल नसतेच. सगळं मुख्य कॉन्फिगमध्ये. बदल केल्यावर आधी तपासणीची आज्ञा द्यायची, 'ठीक आहे' असं उत्तर आलं की मगच नवे नियम लागू करायचे. ही शिस्त अपाचीतही पाळता येते आणि पाळावीच. एक चिन्ह चुकलं तर सर्व्हर नव्याने सुरूच होत नाही, आणि चूक डॉट एचटीॲक्सेसमध्ये असेल तर सबंध साइट ५००, म्हणजे 'सर्व्हरमध्येच चूक', दाखवते.

आणखी एक सांगतो, कारण याचा त्रास मी अनेकांना होताना पाहिलाय. एखादं-दुसरं पानच हलवायचं असेल तर 'मॉड रीराइट'च्या जंजाळात शिरूच नका. अपाचीत 'रीडायरेक्ट ३०१' अशी साधी आज्ञा आहे: जुना रस्ता, नवा पत्ता, एक ओळ, संपलं. एन्जिन-एक्समध्ये तेच काम 'रिटर्न ३०१' करतं.

एक नियम जवळून बघू

समजा वाचनालयाच्या साइटवर 'लेख/४७' असा सुटसुटीत पत्ता हवा आहे आणि आत जुनाच प्रोग्रॅम चालवायचा आहे. प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो:

रीराइटरूल ^लेख/([०-९]+)$ लेख.पीएचपी?क्रमांक=$१ [एल]

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही ओळ मंत्रासारखी वाटते, पण फोड केली की सरळ आहे. दुसरा तुकडा म्हणजे साचा. टोपीसारखं चिन्ह म्हणजे 'पत्ता इथून सुरू झाला पाहिजे'. डॉलर म्हणजे 'इथे संपला पाहिजे'. चौकोनी कंसात शून्य ते नऊ म्हणजे कुठलाही एक अंक, अधिकचं चिन्ह म्हणजे असे एक किंवा अनेक अंक. गोल कंसाचा अर्थ 'इथे जे सापडेल ते हातात धरून ठेव'. पुढे $१ आहे तिथे हातात धरलेलं ते ठेवायचं. शेवटचा [एल] म्हणजे 'हा नियम लागला तर पुढचे बघू नकोस'.

टोपी आणि डॉलर विसरलात तर साचा 'जुनेलेख/४७' किंवा 'लेख/४७अबक' यांनाही लागेल. आणि साध्या टिंबाचा अर्थ साच्यात 'कुठलंही एक अक्षर' असा होतो, खरंच टिंब हवं असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

आता उलट बाजू. 'लेख.पीएचपी?क्रमांक=४७' हा जुना पत्ता कुणीतरी दहा वर्षांपूर्वी जपून ठेवलाय, त्याला नव्या पत्त्याकडे वळवायचं आहे. इथे माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली होती. साचा अगदी बरोबर, तरी नियम लागतच नव्हता. कारण अपाचीचा हा नियम प्रश्नचिन्हाच्या आधीचाच भाग बघतो. पुढचं त्याला दिसत नाही. त्यासाठी वर एक वेगळी अट, 'रीराइटकंड', लिहून प्रश्नचिन्हामागचा मजकूर तपासायला सांगावं लागतं. ते जमलं, तर नवा पत्ता 'लेख/४७?क्रमांक=४७' असा शेपूट घेऊन उघडला, कारण जुन्यामागचं शेपूट आपोआप नव्याला चिकटतं. ते तोडायला अपाची २.४ पासून 'क्यूएसडी' नावाची खूण आहे.

हे दोन्ही नियम डॉट एचटीॲक्सेसमध्ये एकत्र ठेवले की तिसरी गंमत. नवा पत्ता आतून जुना होतो, नियमांची फेरी पुन्हा सुरू होते, जुना दिसला म्हणून तो बाहेरून नव्याकडे पाठवला जातो, नवा पुन्हा आतून जुना. [एल] लिहिलंय तरी फोल्डरमधल्या फाइलीत फेरी पुन्हा होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तिथे [एल] च्या जागी [एंड] लिहायचं.

या खिडकीवरून त्या खिडकीवर

'खूप वेळा वळवलं गेलं' अशा अर्थाचा संदेश तुम्ही ब्राउझरमध्ये कधीतरी वाचला असेल. सरकारी कार्यालयात एक खिडकी म्हणते तीन नंबरला जा, तीन नंबर म्हणतो एक नंबरला जा, तोच प्रकार. माणूस दोन-तीन फेऱ्यांत वैतागतो, क्रोम साधारण वीस फेऱ्यांनंतर नाद सोडतो.

सर्वांत जास्त वेळा हे होतं ते कुलपाच्या खुणेपायी. साइट आता सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएसवर हवी, म्हणून 'साध्या पत्त्याने येणाऱ्याला सुरक्षित पत्त्यावर पाठव' असा नियम लिहिला. पण सर्व्हरच्या पुढे एक मध्यस्थ, म्हणजे प्रॉक्सी, बसवलेला असतो. वाचक मध्यस्थाशी सुरक्षितपणेच बोलतो, मध्यस्थ मात्र आतल्या सर्व्हरशी साध्या मार्गाने बोलतो. सर्व्हरला वाटतं वाचकच साध्या मार्गाने आला. तो म्हणतो, सुरक्षित मार्गाने ये. वाचक म्हणतो, तसाच तर आलोय. उपाय दोन: मध्यस्थ आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणंही सुरक्षित करायचं, आणि तोवर मध्यस्थ जो निरोप सोबत पाठवतो, वाचक मुळात कोणत्या मार्गाने आला होता, तो वाचूनच नियम लावायचा.

फेरी नसली तरी लांबलचक साखळी असतेच. साध्यावरून सुरक्षितवर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्यावर, तिथून शेवटी रेघ असलेल्या पत्त्यावर, तिथून नव्या पानावर. चार उड्या. प्रत्येक उडी म्हणजे सर्व्हरपर्यंत एक नवी खेप. पुण्यात फायबरवर बसून हे कळत नाही, गडचिरोलीत दोन काड्यांच्या रेंजवर कळतं. पहिल्याच नियमात थेट शेवटचा पत्ता द्यावा, एका उडीत काम व्हावं.

पण हल्ली पत्ता बघतो कोण?

हा आक्षेप मला दर वेळी ऐकावा लागतो. 'लोक गुगलवरून येतात, व्हॉट्सॲपवरच्या लिंकवर बोट लावतात, पत्ता कोण वाचतो?'

पत्ता वाचत नसतील, पण ठेवतात. व्हॉट्सॲपवरचा तो निरोप तीन वर्षांनी कुणीतरी शोधून काढतं. प्रबंधाच्या तळटिपेत पत्ता असतो. दिवाळी अंकात छापलेला असतो. आणि आता तर क्यूआर कोड. मंदिराच्या माहितीफलकावर, शाळेच्या स्मरणिकेत, लग्नपत्रिकेत. त्या काळ्यापांढऱ्या चौकोनात एक पत्ताच कोरलेला आहे. छापलेला कागद दुरुस्त करता येत नाही, सर्व्हरवरची ओळ करता येते.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र शहाणपणाने केलेली आहे. महाराष्ट्र शासनाचा कुठलाही अलीकडचा शासन निर्णय काढून शेवटचा परिच्छेद वाचा. त्यात पानाचा थेट पत्ता नसतो. संकेतस्थळाचं नाव आणि त्या निर्णयाचा लांबलचक संकेतांक असतो. साइटची रचना बदलली, फाइली इकडच्या तिकडे झाल्या, तरी संकेतांक तोच राहतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: पत्त्यात असं काही घालू नका जे उद्या बदलेल, म्हणजे लेखकाचं नाव, विभाग, वापरलेल्या सॉफ्टवेअरची शेपटी. 'डॉट पीएचपी' पत्त्यात दिसली की मला म्हणून खटकते. उद्या पीएचपी सोडलं की तो पत्ता खोटा पडतो.

सगळं जुनं मुखपृष्ठावर पाठवलं तर?

साइट नवी करून देणारे बरेच जण हा सोपा मार्ग घेतात. जुना कुठलाही पत्ता आला की मुखपृष्ठ. ४०४ दिसत नाही, काम झालं.

काम होत नाही. तुम्ही आजीच्या आजारपणावरचा एक लेख शोधत साइटवर आलात आणि समोर संस्थेच्या अध्यक्षांचा हार घातलेला फोटो आला, तर तुम्ही काय कराल? परत जाल. गुगलही अशा सरसकट वळवण्याला पान नसल्यातच जमा धरतो. त्यापेक्षा स्वच्छ ४०४ बरं, त्यावर शोधायची चौकट आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण दिलेलं.

खरं काम म्हणजे वही करायला बसणं. एक्सेलमध्ये दोन रकाने: डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. जुने पत्ते मिळतात सर्व्हरच्या नोंदवहीतून आणि गुगलच्या सर्च कन्सोलमधून, म्हणजे साइटमालकांना आपली पानं गुगलला कशी दिसतात ते दाखवणाऱ्या सोयीतून. पाचशे लेखांची साइट असेल तर दोन माणसांचं एका शनिवार-रविवारचं काम. मग तोच तक्ता सर्व्हरला वाचायला द्यायचा. अपाचीत त्याला 'रीराइटमॅप' म्हणतात (तो मुख्य कॉन्फिगमध्येच जाहीर करावा लागतो), एन्जिन-एक्समध्ये 'मॅप'. पाचशे नियम लिहावे लागत नाहीत, एक नियम आणि एक तक्ता.

'पानावरच जावास्क्रिप्टने वळवलं तर?' असंही विचारतात. सर्व्हर हाताशी नसेल तर नाइलाज म्हणून ठीक. पण मग आधी जुनं पान उतरवावं लागतं, मग ते वळवतं.

मराठी पत्ते आणि टक्क्यांची रांग

तुम्ही मराठी विकिपीडियाची लिंक कुणाला पाठवली असेल तर हा अनुभव असेल. ब्राउझरमध्ये सुंदर देवनागरी दिसतं, चिकटवल्यावर टक्क्यांची आणि आकड्यांची रांग. लिंक बिघडली असं वाटतं. ती बिघडलेली नसते.

पत्त्यात मुळात मोजकीच रोमन अक्षरं, अंक आणि चिन्हं चालतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं आणि पत्त्यात जाताना प्रत्येक बाइट 'टक्का आणि दोन अक्षरं' असा लिहिला जातो. 'म' होतो टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-ई. नऊ चिन्हं, एका अक्षरासाठी. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस. 'महाराष्ट्र' मध्ये पाय मोडल्याच्या खुणा धरून दहा, म्हणजे नव्वद.

एका वाचनालयाच्या साइटवर आम्ही शीर्षकांचेच मराठी पत्ते ठेवले होते. पुढे रचना बदलली, मी तक्ता केला, टक्क्यांची ती रांग जशीच्या तशी नियमात चिकटवली. सगळी मराठी पानं ४०४. रोमन पत्ते मात्र व्यवस्थित. बराच वेळ शोधल्यावर पत्त्याकडे नीट बघितलं: प्रत्येक टक्क्यानंतर '२५' आलं होतं. अपाचीने माझ्या टक्क्यालाच विशेष चिन्ह समजून त्याचं पुन्हा रूपांतर केलं होतं. टक्क्याचं रूपांतर 'टक्का-दोन-पाच'. पाकिटावर पत्ता लिहिला आणि ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घातलं, असं काहीसं. 'एनई' ही खूण लावल्यावर ते थांबलं. आणि डावीकडचा साचा टक्क्यांत न लिहिता थेट देवनागरीत लिहायचा असतो, कारण साचा जुळवण्याआधीच अपाची टक्के उलगडून घेतो.

यावर लोक म्हणतात, मग मराठी पत्ते नकोतच. मला हे मान्य नाही. 'डॉट भारत' हा देवनागरी शेवट २०१४ पासून मराठीसह अनेक भाषांना मिळतो आहे. आपल्या भाषेत पत्ता असावा ही इच्छा योग्यच आहे. फक्त शेअर करायला एक आखूड, अंकांचा पत्ताही द्यावा, जो ३०१ ने मराठी पत्त्याकडे जाईल. छापायला तो, वाचायला हा.

मग ठग हेच वापरणार नाहीत?

वापरतात. काही साइटवर 'लॉगिननंतर कुठे जायचं' हे पत्त्यातच लिहिलेलं असतं आणि सर्व्हर ते न तपासता तिकडे पाठवतो. ठग त्या जागी स्वतःचा पत्ता घालून लिंक पाठवतो. लिंकची सुरुवात ओळखीची, शेवट भलतीकडे. साइट चालवणाऱ्याने आपल्याच पत्त्यांची यादी ठेवून त्याबाहेर कुठेही वळवू नये, हा त्यावरचा उपाय.

वाचणाऱ्याने काय बघायचं, ते मी मावशीला त्या दिवशी असं सांगितलं. सगळं वळून झाल्यावर शेवटी जो पत्ता दिसतो तोच खरा, आपण काय टाकलं होतं ते विसर. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपाशी बोट ठेव आणि तिथून डावीकडे वाच. लगेच 'इन', त्याआधी 'बँक', त्याआधी आपल्या बँकेचं नाव, असं आलं पाहिजे. 'बँक डॉट इन' मध्येच कुठेतरी आहे आणि रेघेच्या आधी दुसरंच काही, तर बंद कर.

तिने वाचून दाखवलं. बरोबर होतं. "हे आधीच सांगायचंस ना," म्हणाली.

किती दिवस पाटी ठेवायची?

गुगलचा सल्ला किमान एक वर्षाचा आहे. माझं मत, जमेल तोवर. आणि इथे एक धोका आहे ज्याकडे संस्था हमखास दुर्लक्ष करतात. पाटी लावायला जुनं शटर आपल्या ताब्यात असावं लागतं. नवा पत्ता घेतला म्हणून जुन्या नावाची वार्षिक फी भरायची थांबवली, तर ते नाव बाजारात येतं आणि कुणीही घेऊ शकतं. मग तुमच्या दहा वर्षांच्या छापील पत्त्यांवर त्याचं दुकान. वर्षाला हजार-पाचशे रुपये वाचवायला हा धोका कुणी घेऊ नये, बँकेने तर नाहीच.

जुन्या नावाचं सुरक्षा प्रमाणपत्रही चालू ठेवावं लागतं. कारण ब्राउझर आधी कुलूप तपासतो, मग पाटी वाचतो. प्रमाणपत्र संपलं असेल तर वाचकाला लाल इशारा दिसतो आणि पाटीपर्यंत तो पोचतच नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची प्रमाणपत्रं फुकट मिळतात, आपोआप नवी होतील अशी सोय एकदा करून ठेवायची.

त्या वाचनालयाच्या सर्व्हरची नोंदवही मी दर सोमवारी चाळतो. ४०४ च्या ओळी वेगळ्या काढतो, त्यांत खरा जुना पत्ता असेल तर तक्त्यात एक ओळ वाढवतो. परवा एक ओळ दिसली. बारा वर्षांपूर्वीच्या अंकात छापलेला पत्ता, 'लेख.पीएचपी?क्रमांक=' वाला, कुणीतरी मोबाइलवर हाताने टाकला होता, कारण पहिल्यांदा एक आकडा चुकून ४०४ आलं होतं. चाळीस सेकंदांनी तोच पत्ता, आकडा दुरुस्त केलेला. समोर ३०१. त्याखालच्या ओळीत २००, आणि पुढे सहा मिनिटं त्या माणसाची दुसरी काही मागणी नाही. लेख लांब आहे, वाचायला तेवढा वेळ लागतो.